राखण की पाळत?



काही आठवड्यांपूर्वी रविवारच्या मिस्सानंतर एक वडील आमच्यासाठी थांबले. सगळे निघून गेल्यावर ते व्हरांड्यात आले आणि त्यांनी खिशातून एक घडी घातलेली चिठ्ठी काढली. तिच्यावर त्यांच्या मुलाच्या मोबाईलचा पासवर्ड लिहिलेला होता. मुलगा अकरावीला आहे. लातूरला खोली करून राहतो, नीटची तयारी करतो. सुटीत घरी आला होता तेव्हा धाकट्या बहिणीने तो आकडा पाहून ठेवला आणि वडिलांना लिहून दिला. मुलगा पुन्हा शनिवारी येणार होता. वडिलांनी विचारले, "फादर, लेकराचा मोबाईल त्याला न कळता बघितला तर पाप लागतं का?"

आम्ही लगेच उत्तर देऊ शकलो नाही. "हो" म्हणावे तर एका काळजीत पडलेल्या बापाचे हात आपण बांधतो. "नाही" म्हणावे तर घराघरांत चोरून बघण्याला देवळाचा परवाना मिळतो. "दोन दिवस थांबा, चिठ्ठी तशीच ठेवा," इतकेच आम्ही सांगितले. त्यांच्या परवानगीने आणि ओळखीच्या खुणा बदलून तो प्रश्न आज आपल्यासमोर ठेवत आहोत, कारण तो त्यांच्या एकट्याचा नाही. आपल्या धर्मग्रामातील कितीतरी घरांत हीच चिठ्ठी कुठल्या ना कुठल्या रूपात आहे.

आपल्या मुलांचे दिवस

आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की एका घराची दोन घरे होतात. मूल लातूरच्या ट्यूशन एरियात नाहीतर नांदेडच्या भाग्यनगर-श्यामनगर भागात राहायला जाते. जमले तर आई सोबत जाते आणि वडील गावी राहतात. सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी मेसचा डबा, रात्री सराव परीक्षेची तयारी. "लातूर पॅटर्न" म्हणून ज्याचे नाव महाराष्ट्रभर झाले, त्यात वारंवार सराव परीक्षा, प्रश्नसंच आणि कष्ट यांचा मोठा वाटा आहे. राजर्षी शाहू आणि दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी या दुष्काळी मुलुखातील शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या मुलांना डॉक्टर आणि इंजिनिअर होताना पाहिले आहे. त्याचा आपल्याला अभिमान आहे आणि असावा.

पण एक साधे गणित आपण आईबाप करत नाही. २०२४ साली नीटची परीक्षा २३ लाखांहून अधिक मुलांनी दिली. देशभरात एमबीबीएसच्या जागा होत्या एक लाखाच्या थोड्या वर. म्हणजे साधारण वीस मुलांत एक. सगळ्यांनी दुप्पट अभ्यास केला तरी जागा दुप्पट होत नाहीत. त्याच वर्षी त्या परीक्षेतील गैरव्यवहाराच्या तपासाचे धागे लातूरपर्यंत येऊन पोचले, तेव्हा प्रामाणिकपणे झिजणाऱ्या मुलांच्या मनाला काय वाटले असेल, हे आपण त्यांना विचारले का?

२०२२ या एका वर्षात भारतात १३,०४४ विद्यार्थ्यांनी स्वतःचे जीवन संपवले. हा सरकारी आकडा आहे, आणि राज्यांमध्ये सर्वांत मोठा आकडा आपल्या महाराष्ट्राचा आहे. परीक्षेतील अपयश हे कारण त्या वर्षी २,२४८ मृत्यूंच्या पुढे नोंदले गेले. याचा अर्थ नीट समजून घेऊ या. बहुतेक मुलांच्या दुःखाचे मूळ गुणपत्रिकेत सापडत नाही. ते घरात असते, एकटेपणात असते, मैत्रीत असते, आणि आता त्या मोबाईलमध्येही असते.

मोबाईल काढून घ्या म्हणणे सोपे आहे. पण क्लासचे व्हिडिओ त्याच्यावर, शंका विचारायच्या त्याच्यावर, टेस्टचा निकाल आणि रँकची यादी येते तीही त्याच्यावर. रात्री बारा वाजता खोलीत एकटे असलेले मूल आपली रँक शोधायला यादी उघडते आणि आपल्यापुढे किती नावे आहेत ते मोजते. त्याच पडद्यावर त्याच रात्री एखादा अनोळखी माणूस गोड बोलत येतो. मैत्री होते, व्हिडिओ कॉल होतो, कॉलचे चित्रीकरण गुपचूप केले जाते. कधी तर तेही लागत नाही. साधा फोटो घेऊन चेहरा दुसऱ्याच शरीरावर चिकटवला जातो. मग धमकी येते: "पैसे पाठव, नाहीतर तुझ्या बापाला पाठवतो."

या धमकीकडे नीट बघा. तिच्यात पोलिसांची भीती नाही, देवाची नाही. भीती आहे ती घरची. त्या गुन्हेगाराचे सगळे भांडवल आपला राग आहे. ज्या घरात मूल वाईट बातमी घेऊन आत येऊ शकते, त्या घरापुढे त्याचा धंदा बंद पडतो. जिथे येऊ शकत नाही, तिथे तो महिनोन्महिने चालतो. आमच्या मते मुलाच्या सुरक्षिततेचे खरे माप हेच आहे. आपल्याला मुलाचे किती दिसते, यापेक्षा मूल आपल्याला किती सांगू शकते, हे महत्त्वाचे.

दोन शब्द

आपल्या भाषेत दोन शब्द आहेत: राखण आणि पाळत. दोन्हींत डोळे उघडे ठेवावे लागतात. पण दोन्ही एक नाहीत.

ज्वारी हुरड्यात आली की शेतकरी राखणीला जातो. माळ्यावर उभा राहतो, गोफण फिरवतो, हाका मारतो, रात्री शेकोटी पेटवतो. तो तिथे आहे हे सगळ्या शिवाराला माहीत असते. तो पिकाच्या बाजूने उभा असतो आणि पाखरांकडे तोंड करून उभा असतो. पाळत मात्र ज्याचा संशय आहे त्याच्यावर ठेवतात. पाळत ठेवणारा लपून बसतो. त्याचे तोंड पिकाकडेच असते, जणू पीकच चोर आहे.

आपण मुलाच्या बाजूला उभे राहून बाहेरच्या धोक्याकडे बघतो, की धोक्याच्या जागी मुलालाच उभे करून त्याच्याकडे बघतो? कृती एकच असेल, मोबाईल हातात घेण्याची. पण तोंड कुणीकडे आहे यावरून तिचे नैतिक मूल्य ठरते.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला जेरेमी बेंथम या इंग्रज विचारवंताची एक योजना वाचायला मिळाली. १७९१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या योजनेत एक गोल इमारत आहे. मध्ये बुरूज, भोवती खोल्या. बुरुजातला पहारेकरी प्रत्येक खोलीत बघू शकतो, पण खोलीतल्या माणसाला तो दिसत नाही. आपल्याकडे आता कुणी बघते आहे की नाही हे कळत नसल्यामुळे माणूस सतत घाबरून नीट वागेल, अशी कल्पना. ही युक्ती तुरुंगाबरोबर शाळांनाही उपयोगी पडेल असे बेंथमला वाटत होते. आज वर्गावर्गात कॅमेरे आहेत, मुलाची हजेरी बापाच्या मोबाईलवर वाजते. यातले काही गरजेचेही असेल. पण भीतीने नीट वागणारे मूल भीती संपली की काय करील? आणि जिथे सतत कुणीतरी बघत असते तिथे मूल सरळ होण्याऐवजी लपण्यात हुशार होते. दुसरा मोबाईल, दुसरे खाते, दुसरे नाव. हे आपण पाहतोच आहोत.

त्यानंतरच्या शतकात तूरिन शहरात संत जॉन बॉस्को रस्त्यावरच्या पोरांना सांभाळत होते. १८७७ साली त्यांनी आपली शिक्षणपद्धती थोडक्यात लिहून काढली. एक पद्धत अशी की नियम सांगायचे आणि मग चुकणाऱ्याला पकडण्यासाठी टपून बसायचे. दुसरी, त्यांची स्वतःची, अशी की मुलांमध्ये राहायचे, इतके जवळ की चूक होण्याआधी हात पुढे करता यावा. १८८४ साली, म्हातारपणी, रोमहून आपल्या लोकांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी खंत व्यक्त केली. पूर्वी मोठी माणसे मुलांबरोबर खेळात असत, आता ती बाजूला उभी राहून नुसती बघतात, म्हणून मुलांची मने मिटली. मुलांवर प्रेम करणे पुरेसे नाही, ते प्रेम मुलांना कळलेही पाहिजे, असा त्या पत्राचा आशय आहे. राखण म्हणजे काय ते यापेक्षा सोपे करून सांगता येणार नाही.

देव तर सगळे पाहतो

इथे कुणी म्हणेल, "फादर, देव तर सगळेच पाहतो. अंधारातलेही पाहतो. मग बापाने पाहिले तर काय बिघडले?"

प्रश्न चांगला आहे. उत्तर पवित्र शास्त्राच्या अगदी सुरुवातीला आहे. आदाम आणि हव्वा फळ खाऊन झाडांमध्ये लपले. देवाला ते कुठे आहेत हे ठाऊक नव्हते काय? तरीही तो बागेत चालत आला आणि त्याने हाक मारून विचारले, तू कुठे आहेस? सर्व जाणणाऱ्या देवाने प्रश्न का विचारावा? आमच्या समजुतीप्रमाणे, लपलेल्या माणसाला स्वतःच्या पायांनी बाहेर येण्याची संधी मिळावी म्हणून. देवाने त्यांना झाडामागून ओढून काढले नाही. बापाला सगळे माहीत असले तरी लेकराने सांगायचे ते लेकरानेच सांगायला हवे. ते चोरून वाचले की आपण मुलाजवळून काही हिरावून घेतो: कबूल करण्याचे धैर्य, आणि कबूल केल्यानंतर मिळणारी क्षमा.

नाझरेथच्या घरातही हा प्रसंग आला होता. येशू बारा वर्षांचा असताना यरुशलेमला मागे राहिला. मरिया आणि योसेफ तीन दिवस शोधत फिरले. सापडल्यावर आईने विचारले, की बाळा, असे का केलेस, आम्ही किती घाबरलो. ओरडण्याआधी तिने आपली भीती सांगितली. मुलाने दिलेले उत्तर आईबापांना समजले नाही, असे संत लूक स्पष्ट लिहितो. तरी मरियेने ते अंतःकरणात जपून ठेवले. पवित्र कुटुंबालाही आपले किशोरवयीन मूल पूर्ण कळले नव्हते. तेव्हा आपल्याला कळत नाही म्हणून आपण नापास झालो असे समजायचे कारण नाही.

आमची चूक

हे सगळे आम्ही मोठ्या खुर्चीवर बसून सांगतो आहोत असे कुणी समजू नये. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका धर्मग्रामात असताना, सोळा-सतरा वर्षांचा एक मुलगा मिस्सानंतर आला आणि म्हणाला, "फादर, थोडं बोलायचं होतं." आम्हाला दुसऱ्या गावी मिस्साला जायचे होते, गाडी उभी होती. आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "अभ्यास कर, प्रार्थना कर, सगळं ठीक होईल." तो "हो फादर" म्हणून गेला. नंतर चार-पाच महिने तो देवळात दिसलाच नाही. पुढे त्याच्या आईकडून कळले. त्याला मोबाईलवर कुणीतरी धमक्या देत होते. त्याने मेसचे पैसे त्या माणसाला पाठवले होते आणि किती तरी दिवस अर्धपोटी काढले होते. देवाच्या कृपेने तो मुलगा आज आपल्या पायावर उभा आहे. पण तो वाचला त्यात आमचा काही वाटा नाही.

आम्ही त्याला खोटे काही सांगितले नव्हते. प्रार्थना चांगली, अभ्यास चांगला. पण तो बोलण्याआधीच आम्ही उत्तर दिले होते. उपदेशाने आम्ही दार लावून घेतले. आपल्या घरांतही असे होते. मूल म्हणते, "मला बरं वाटत नाही." आपण म्हणतो, "आम्ही तुझ्या वयात अनवाणी शाळेला जात होतो." संत अगस्तीन यांनी आपल्या आत्मकथनात लिहिले आहे, की शाळेत मार पडू नये म्हणून ते लहानपणी देवाकडे कळकळीने प्रार्थना करत, आणि घरची मोठी माणसे त्यांच्या माराला हसत. सोळाशे वर्षे झाली. मुलाचे दुःख मोठ्यांना लहान वाटते, हे अजून बदललेले नाही.

एलिया संदेष्ट्याची गोष्ट आठवा. थकून, घाबरून तो रानात एका झुडपाखाली बसला आणि आपला जीव घे अशी त्याने देवाकडे मागणी केली. देवदूताने त्याला विश्वास कमी पडला म्हणून झापले नाही. त्याला भाकर दिली, पाणी दिले, झोपू दिले. उठल्यावर पुन्हा भाकर दिली. पुढच्या वाटचालीची गोष्ट त्यानंतर निघाली. देवाच्या माणसालाही मरावेसे वाटू शकते, आणि अशा वेळी पहिले औषध अन्न, झोप आणि कुणीतरी जवळ असणे हे आहे.

म्हणून नैराश्याला पाप म्हणू नका. पूर्वी ख्रिस्तसभेच्या कायद्यात जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्याला अंत्यविधी नाकारण्याची तरतूद होती. १९८३ च्या धर्मनियमांत ती राहिली नाही. १९९२ च्या धर्मशिक्षण ग्रंथात असे शिकवले आहे, की तीव्र मानसिक त्रासाने माणसाची जबाबदारी कमी होते, आणि अशा व्यक्तीच्या तारणाबद्दल आपण आशा सोडू नये. आपल्या देशाच्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही अशा प्रयत्नामागे तीव्र ताण आहे असेच मानायला सांगितले आहे. जीवन देवाचे दान आहे ही शिकवण तशीच ठाम आहे. पण जो बुडतो आहे त्याला पोहण्याचे नियम वाचून दाखवू नयेत.

माळवद आणि भिंती

३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आपल्यापैकी ज्येष्ठांना आठवते. किल्लारी आणि आजूबाजूच्या गावांत सुमारे दहा हजार माणसे गेली. आदल्या वर्षी त्या भागात लहान धक्के बसले होते. मोठा धक्का कधी येईल हे कुणालाच सांगता आले नसते. पण बहुतेक माणसे घरांखाली दबून गेली. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवदाचे ओझे. नंतर जी घरे बांधली ती धक्का सोसतील अशा विचाराने बांधली.

मुलांच्या मनाचेही असेच आहे. कोणत्या रात्री कोणत्या मुलाला धक्का बसेल हे आपल्याला सांगता येणार नाही, मोबाईल कितीही तपासला तरी. पण घर कसे बांधायचे ते आपल्या हातात आहे. ज्या घराच्या डोक्यावर "लोक काय म्हणतील" आणि "एवढे पैसे घातले" याचे माळवद आहे, ते घर धक्का बसल्यावर मुलाच्या अंगावर कोसळते.

लहान धक्के ओळखायला मात्र शिकले पाहिजे. मूल डबा तसाच परत पाठवू लागते, रात्र रात्र जागे राहते किंवा दिवसभर झोपते, मित्रांना टाळते, आवडीच्या वस्तू वाटून टाकते, "माझं तुम्हाला ओझंच आहे" असे बोलते. अशा वेळी जवळ बसून सरळ विचारा: "तुला मरून जावंसं वाटतं का?" विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट कुणीतरी विचारले याने ओझे हलके होते. उत्तर "हो" आले तर मुलाला एकटे सोडू नका आणि डॉक्टरांकडे न्या. तापाला डॉक्टर लागतो तसा मनालाही लागतो. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीत बोलता येते. मुलांसाठी १०९८ हा क्रमांक आहे.

धमकीचा प्रकार असेल तर पैसे पाठवू नका. संदेश पुसून टाकू नका, ते पुरावा आहेत. पैसे गेले असतील तर ताबडतोब १९३० ला फोन करा. अठरा वर्षांखालील मुलाचा तसा फोटो पसरू नये म्हणून "टेक इट डाऊन" नावाची मोफत सेवा आहे, तिथे तो फोटो कुणाला पाठवावा लागत नाही. आणि सगळ्यात आधी मुलाला एक वाक्य सांगा: "तू सांगितलंस, बरं केलंस." बाकी सगळे त्यानंतर.

शाळेला आणि आम्हालाही विचारा

घराने सगळे करावे आणि शाळा-क्लासने फक्त फी घ्यावी, असे नाही. २५ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व शाळा, महाविद्यालये, क्लास आणि वसतिगृहे यांना लागू होतील अशा सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असतील तिथे किमान एक प्रशिक्षित समुपदेशक हवा. गुणांवरून मुलांच्या वेगळ्या तुकड्या पाडू नयेत, चारचौघांत अपमान करू नये. मदतीचे क्रमांक ठळक अक्षरांत लावावेत. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोळा वर्षांखालील मुलांना क्लासमध्ये प्रवेश देऊ नये. आपण प्रवेश घेताना "गेल्या वर्षी किती लागले?" हे विचारतो. यापुढे "समुपदेशक कोण, कधी भेटतात?" हेही विचारा. दहा पालकांनी विचारले की उत्तर तयार ठेवावे लागते.

आणि आम्हालाही विचारा. मुलांच्या बाबतीत ख्रिस्तसभेच्या माणसांनीच जगभर घोर पापे केली आणि ती झाकली गेली, हे सत्य आहे. २०१९ साली पोप फ्रान्सिस यांनी अशा तक्रारींसाठी सर्व धर्मप्रांतांना बांधणारे नियम केले. त्यामुळे "फादर आहेत, सिस्टर आहेत" एवढ्यावर विसंबू नका. मूल कुणाबद्दलही सांगत असेल, आमच्याबद्दल सांगत असेल तरीही, आधी त्याचे ऐका. पापनिवेदनात ऐकलेले आमच्या ओठांवर कधीच येणार नाही. पण त्याबाहेर एखाद्या मुलाने लैंगिक अत्याचाराची गोष्ट सांगितली तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ती कळवणे आमच्यावर आणि तुमच्यावरही बंधनकारक आहे. म्हणून "कुणालाही सांगणार नाही" असे वचन मुलाला देऊ नका. "मी तुझ्यासोबत राहीन" असे वचन द्या. ते पाळता येते.

त्या वडिलांना दिलेले उत्तर

दोन दिवसांनी आम्ही त्या वडिलांना जे सांगितले ते असे. मुलाच्या जिवाला धोका समोर दिसत असेल, तो मरणाची भाषा बोलत असेल, कुणी त्याला धमकावत असल्याची खूण असेल, तर मोबाईल उघडा. ते पाप नाही, ते कर्तव्य आहे. मात्र नंतर "मी पाहिलं, आणि का पाहिलं" हे त्याला स्वतः सांगा. मूल लहान असेल तर मोबाईल घरच्यांसमोरच वापरायचा, हा नियम उघडपणे करा. उघड नियम ही राखण आहे. पण सोळा-सतरा वर्षांच्या मुलाच्या खाजगी गोष्टी केवळ संशयापोटी चोरून वाचणे योग्य नाही. बापाला अधिकार नाही म्हणून नव्हे. वाचल्यानंतर एकतर ठाऊक नसल्याचे सोंग करावे लागते, नाहीतर चोरून वाचल्याचे कबूल करावे लागते. दोन्हींत मुलगा दूर जातो. आणि त्या धाकट्या लेकीचा विचार करा. भावाची बहीण होती, आपण तिला हेर केले.

त्या शनिवारी वडिलांनी ती चिठ्ठी मुलाच्या हातात दिली. म्हणाले, "हे माझ्याकडे आलं होतं. मी बघितलं नाही. पण मला तुझी भीती वाटते." मुलगा रागावला. बहिणीशी दोन दिवस बोलला नाही. लातूरला निघून गेला. वडील खचून आमच्याकडे आले. आमच्याकडेही सांगण्यासारखे काही नव्हते. आम्ही दोघांनी मिळून रोझरी म्हटली.

नंतर एका रात्री मुलाचा फोन आला. "पप्पा, या वेळची टेस्ट लै वाईट गेली." वडील आम्हाला सांगत होते, "फादर, त्यानं आजवर वाईट बातमी आपण होऊन कधीच सांगितली नव्हती." त्यांनी त्याला विचारले, "जेवलास का?"

येत्या आठवड्यापासून दर रविवारी दुसऱ्या मिस्सानंतर एक तास आम्ही व्हरांड्यातच बसणार आहोत, सर्वांना दिसेल अशा जागी. महिला मंडळाच्या एक भगिनीही तिथे असतील. ज्या मुलाला, मुलीला किंवा पालकाला बोलायचे आहे त्याने यावे. गाडी उभी असली तरी आम्ही उठणार नाही.

बारा वर्षांच्या लेकराला शोधत फिरलेल्या मरिया आणि योसेफ यांनी आपल्या घरांसाठी विनंती करावी, आणि हरवलेल्याला नावाने हाक मारणाऱ्या प्रभू येशूने आपल्या मुलांची राखण करावी, हीच प्रार्थना.

आपले,
धर्मगुरू